वाघिणीसाठी हाका

बेलझरीच्या तलावाकाठी पूर्वी शिकारीचा कॅम्प लागायचा. हिवाळा सुरू झाला की बाहेरच्या एका शिकार कंपनीचे ट्रक लाखनीकडून धूळ उडवत यायचे, मोहाच्या झाडांखाली सहा तंबू ठोकले जायचे आणि बंदुकीवाले साहेब उतरायचे. गावातली चाळीसेक माणसं हाक्याला जायची. ढोल, थाळ्या, रिकामे पिपे बडवत रान उठवायचं आणि जनावर मचाणापुढे काढून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. गोळी दुसऱ्याची, फोटो दुसऱ्याचा. बाया पाणी भरायच्या, भांडी घासायच्या, चूल सांभाळायच्या.

रेवताबाई त्या बायांतली एक. ढिवराच्या घरची. नवरा गोपीचंद तलावात जाळं टाकायचा, ती टोपली घेऊन गावोगाव मासे विकायची आणि हिवाळ्यात कॅम्पावर भाकरी थापायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण डोळ्यांनी टिपलेलं ती कधी विसरत नसे. एका हंगामात एक साहेबीण आली होती. नवरा मचाणावर गेला की ती तंबूत एकटीच बसून राहायची. रेवताबाईनं एक दिवस तिला खुणेनंच बोलावलं, डोंग्यात बसवलं आणि तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणमांजरं खेळायची, तिथं नेलं. दोन तास ती बाई हलली नाही. परत येताना तिनं रेवताबाईचा हात धरून ठेवला होता. त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं मारलेला बिबट्या कॅम्पावर आणला, तेव्हा ती तंबूबाहेरही आली नाही.

बहात्तर साली कायदा आला आणि शिकार बंद झाली. ट्रक यायचे थांबले. कंपनीचा मुनीम एकदा येऊन गेला, तंबू जुने झाले म्हणाला आणि तसेच टाकून गेला. हाकेवाले हिवाळ्यात रिकामे बसू लागले. कोणी तुमसरच्या धानगिरणीत पोती उचलायला गेला, कोणी रात्री चोरून फासे लावू लागला. रानात चितळ कमी दिसायला लागले, आणि ते कुठं जातात हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

शाळेचे मास्तर भय्याजी यांच्याकडे रेवताबाई एका दुपारी मासे द्यायला गेली आणि टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "मास्तर, एक अर्ज लिहून द्या. मले कॅम्प चालवाचा आहे."

"कशाचा कॅम्प? शिकार तर बंद झाली."

"पाहाचा. लोक येतीन, जनावर पाहतीन अन् जातीन. मी साहेबिणीले पाह्यलं आहे. गोळीपेक्षा नजर जास्त वेळ टिकते."

भय्याजींना आधी हसू आलं, मग ते आलं तसं गेलं. त्यांनी अर्ज लिहिला. एक नाही, पाच वर्षांत अकरा लिहिले. भंडाऱ्याला चकरा मारल्या. अखेर सत्त्याहत्तरच्या कार्तिकात परवाना मिळाला, तोही एका वर्षाचा. दरवर्षी नवा करून घ्यायचा.

तंबूंना ठिगळं लावायच्या आधी रेवताबाईनं मारुतीच्या पारावर गाव बोलावलं. बाई पारासमोर उभी राहून बोलते, त्यातून ढिवराची, हेच पुष्कळांना पचत नव्हतं. गावातला मोठा शेतकरी यादोराव पुढेच बसला होता. त्यानं सरळ विचारलं, "तुमचे पाहुणे वाघ पाहतीन अन् आमचं ढोर वाघ खाईन. तवा?"

"जंगलानं तुमचं जे नेलं ते कॅम्प भरून देईन," रेवताबाई म्हणाली. "पैसा असन तं पैसा. नसन तं जे हाताशी असन ते. पन एक गोष्ट. फासा नाही अन् मेलेल्या ढोरावर दवा नाही. मंजूर आहे?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी यादोरावच म्हणाला, "पाहू." बेलझरीत 'पाहू' म्हणजे अर्धा होकार.

पहिल्या वर्षी नागपूरचे अकरा पाहुणे आले. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणखी माणसं पाठवली. जुना हाकेवाला सुखराम, ज्याला मातीवरच्या ठशावरून वाघाचं वय सांगता यायचं, तो आता पाहुण्यांच्या पुढे चालायचा. कोणी मध्येच बोललं तर तो नुसता थांबायचा आणि बोलणारा आपोआप गप्प व्हायचा. नणंद सखाबाईनं स्वयंपाक हाती घेतला. पाहुण्यांना रानात न्यायला कॅम्पानं एक बंडी केली, तिला बसायला पाट ठोकले आणि एक बैलजोडी घेतली, कोश्या आणि मोत्या. कोश्या कोशाच्या रेशमासारखा पिवळट, मोत्या पांढरा. कॅम्पाच्या मिळकतीतून पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, विहीर बांधली गेली, शाळेवर कवेलू चढले, आणि दर गुरुवारी लाखनीहून एक कंपाउंडर येऊन तलावाच्या पाळीवर दवाखाना मांडू लागला. फासे आपसूक कमी झाले. ज्याचा भाऊ पाहुण्यांना चितळ दाखवतो, त्यानंच चितळ मारायचं, हे गावाला बरं दिसेना.

अशी चार वर्षं गेली. एक्याऐंशी साली नागपूरला वनखात्याचे नवे साहेब आले. बायामाणसांनी चालवलेला कॅम्प रानाच्या तोंडाशी काय करतो, हे आपण स्वतः पाहू, मग सही करू, असं त्यांनी भय्याजींना सांगितलं. दिवाळीनंतरच्या बुधवारी, संध्याकाळपर्यंत ते येणार होते, सोबत कॉलेजातले सहा जण. रेवताबाईनं दोन दिवस आधीपासून अंगण सारवून घेतलं. बंडीचे पाट घासले. कोश्या-मोत्याच्या शिंगांना तेल लावलं.

त्या बुधवारी सकाळी ढोरकी नत्थू, गावाची ढोरं चारणारा, धापा टाकत कॅम्पावर आला.

"यादोरावचा राज्या गेला, बाई. चिचनाल्यात. माह्या डोळ्यापुढं धरला. म्या लय बोंब मारली तवा वाघीण सोडून वर सरकली. पन बैल गेला."

रेवताबाईच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. राज्या म्हणजे यादोरावच्या जोडीतला उजवा बैल. धान कापून शेतातल्या बांध्यांमध्ये पडलं होतं, आठ एकरांचं, आणि ते बंडीनं खळ्यावर न्यायचे हेच दिवस. एक बैल गेला म्हणजे जोडी मोडली, आणि जोडी मोडली म्हणजे दुसरा, सर्ज्या, असून नसल्यासारखा. वाट पाहावी तर रानडुकरं तयारच होती.

ती तशीच यादोरावच्या घरी गेली. त्याची बायको सुलोचनाबाई दारात उभी होती.

"भाऊ कुठं आहेत, वैनी?"

"लाखनीले गेले. सायकलनं."

"आज? कायले?"

सुलोचनाबाईनं मान खाली घातली, आणि रेवताबाईला कळायचं ते कळलं. लाखनीच्या दुकानात धानावरच्या किडीचं औषध मिळायचं. मेलेल्या ढोरावर ती पूड भुरकली की वाघ परत येऊन खातो आणि पाण्यापर्यंतही पोचत नाही. शेजारच्या दोन गावांत असं झालेलं होतं. कोणाला काही सापडलं नव्हतं, नुसतं वाघ दिसेनासे झाले होते.

रेवताबाई वसरीवर बसून राहिली. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. सुलोचनाबाईनं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं, पण उठली नाही. तिकडे कॅम्पावर पाहुण्यांची तयारी अर्धवट होती, आणि तिच्या डोक्यात मात्र पारावरचा तो एकच शब्द फिरत होता. पैसा नसन तं जे हाताशी असन ते. बोलताना सोपं होतं.

यादोराव आला तेव्हा सूर्य कलायला लागला होता. सायकल भिंतीला टेकवून तो आधी रांजणाकडे गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. मग वळून म्हणाला, "कायले बसली, रेवताबाई? मेलेला बैल पाहाले आली का?"

"जिता बैल द्याले आली."

तो पाहत राहिला.

"कोश्या अन् मोत्या तुमचे," ती म्हणाली. "धान खळ्यावर जाईपर्यंत दोनी वापरा. मंग तुमच्या सर्ज्यासंग जो जमन तो ठेवून घ्या. कायमचा."

"मले एक पुरते."

"एकट्या बैलानं कॅम्पाची बंडी कशी चालन? दोनी न्या."

"अन् तुमचे पाहुणे? आज तं मोठा साहेब येऊन राहिला ना?"

"त्याइले पाय आहेत."

यादोराव वसरीच्या कडेला बसला. मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला वजन, तो आपल्या ओल्या हातांकडे पाहत होता. सुलोचनाबाई दाराआड उभी होती.

"उशीर झाला, बाई," तो शेवटी म्हणाला. "मी सरळ घरी नाही आलो. नाल्यावर जाऊन आलो. दवा टाकून झाली."

रेवताबाई ओरडली नाही. तिला राग आला नाही असं नाही, पण रागाला तेव्हा वेळ नव्हता. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ झाला?"

"घंटाभर."

"वाघीण कुठं आहे?"

"वरच्या बांबूत असन. अजून उतरली नोहोती."

"एकटी नाही ते," रेवताबाई म्हणाली. "दोन पिल्लं आहेत. सुखरामकाकानं पंधरा दिवसाआधी पायाचे ठसे पाह्यले." ती उठली. "उन्हं उतरली की येईन खाले. त्याच्या आत उचलाचं आहे. चाला."

सुखराम तलावाच्या पाळीवर भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाल्याच्या दोन्ही अंगांना बांबू. वाघीण पिल्लांसह तिथून शंभर पावलांवर पडलेली. चार माणसं फावडी घेऊन गेली तर ती अंगावर येणार, आणि तिला दोष देता येणार नाही. आधी तिला तिथून हलवायला हवं.

"कशी हालन?" रेवताबाईनं विचारलं, जरी उत्तर दोघांना माहीत होतं.

"हाका लावा लागन," सुखराम म्हणाला. मग हळू आवाजात, "पन हाका म्हणजे गुन्हा, बाई. नऊ वर्सं झाले, ढोल रानात नाही गेला. अन् आज साहेब येऊन राहिला. रस्त्यातच आवाज ऐकन तं परवाना गेला म्हून समज."

"परवाना कायचा आहे, काका? वाघ दाखवाचाच ना? वाघीण मेली तं तो कागद काय चाटाचा आहे?"

सुखरामनं तिच्याकडे पाहिलं. या बाईला तो भाकरी थापताना पाहत आला होता. त्यानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. "ढोल काढाले सांगतो," तो म्हणाला.

गावात मंडईची जत्रा होऊन आठवडाच झाला होता. दंडारीच्या नाचाचे ढोल अजून खुंट्यांवर तसेच चढलेले होते. तासाभरात बेचाळीस माणसं नाल्याच्या खालच्या अंगाला गोळा झाली. जुने हाकेवाले बहुतेक सगळे, काही पांढऱ्या केसांचे. रेवताबाई पितळी परात आणि पळी घेऊन आली. हाक्याला बाई कधी गेली नव्हती. एकानं तोंड उघडलं, पण सुखरामनं त्याला बोलूच दिलं नाही.

"ऐका," तो म्हणाला. "आजवर आपुन तीन बाजू बंद करत होतो अन् चौथी बंदुकीपुढं खुली ठेवत होतो. आज उलटं आहे. तीन बाजू खुल्या. आपुन एकच बाजू धराची, नाल्याची. हळू चालाचं. धावाचं नाही. वाघिणीले वाटलं पायजे का आपल्या मनानंच जाऊन राहिली."

यादोराव रांगेच्या अगदी मध्ये उभा राहिला. त्याला तिथं कोणी उभं केलं नव्हतं.

ढोल सुरू झाले. आधी एक, मग पाच, मग सगळे. मंडईत नाचायला लावणारा तोच ढोल बांबूत शिरल्यावर छातीत वाजू लागला. रांग पावलापावलानं वर सरकत होती. रेवताबाईच्या पळीचा ठणठणाट तिच्याच कानांना टोचत होता. चितळांचा कळप डावीकडून उधळला. मोर ओरडत उडाले. आणि मग बांबूच्या एका जाळीमागून असा घुरघुराट आला, की ढोल न थांबवता थांबल्यासारखे झाले.

वाघीण बाहेर आली. यादोरावपासून वीस पावलांवर. तिचे कान मागे पडलेले, शेपटी ताठ. वर जायची वाट तिच्या मागेच खुली होती, तरी ती जाईना. सुखराम पुटपुटला, "एक पिल्लू खाले राह्यलं." आणि मग हात वर करून त्यानं खूण केली. बेचाळीस माणसांचे हात जागच्या जागी थांबले. रान एकदम मुकं झालं.

यादोरावच्या उजवीकडच्या झुडपातून मांजरापेक्षा थोडं मोठं एक पिल्लू बाहेर पडलं. ते यादोरावकडे पाहत होतं आणि वाघीण यादोरावकडे पाहत होती. यादोरावच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानं ती वाकून गवतावर ठेवली, डोळे वाघिणीवरून न काढता, आणि एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. शेजारचा माणूस श्वास घेतो की नाही हेही रेवताबाईला कळत नव्हतं.

पिल्लू लटपटत आईकडे गेलं. वाघिणीनं त्याला मानेशी तोंडात धरलं, एकदा रांगेवरून नजर फिरवली आणि पहाडीकडे चालू लागली. धावली नाही. दुसरं पिल्लू बांबूतून निघून तिच्या मागे गेलं. ती बरीच वर गेल्यावर सुखरामनं पुन्हा हात हलवला आणि ढोल हळूहळू वाजू लागले, पार माथ्यापर्यंत, ती पलीकडच्या दाट रानात उतरेपर्यंत.

खाली नाल्यात राज्या पडला होता. त्याच्याभोवती सहा कावळे मरून पडले होते आणि एक गिधाड पंख पसरून, चोच वाळूत खुपसून. ते पाहिल्यावर कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. मेलेलं ढोर ओढायचं काम गावात कोणाचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. त्या दिवशी ते कोणी विचारलं नाही. रेवताबाईनं हातांना पळसाची पानं बांधली आणि दोराचं एक टोक धरलं. दुसरं यादोरावनं धरलं. बाकीचे खड्डा खणायला लागले.

खड्डा कमरेइतका झाला असेल, तेवढ्यात पाळीच्या बाजूनं जीपचा आवाज आला. दोन जीपा नाल्याच्या तोंडाशी थांबल्या. पुढच्या जीपमधून खाकी कपड्यातले साहेब उतरले आणि ताडताड चालत आले. ढोल बघून त्यांचा चेहरा आणखी आवळला.

"हाका कोणी लावला?"

"मी," रेवताबाई म्हणाली.

"कायदा माहीत आहे का, बाई? अभयारण्याच्या हद्दीत ढोल वाजवून जनावर उठवायचं म्हणजे काय, माहीत आहे?"

"माहीत आहे, साहेब." ती बाजूला झाली, म्हणजे त्यांना राज्या दिसावा, कावळे दिसावेत. "वाघीण अन् दोन पिल्लं वर होते. हे खाले होतं. ते खाले येत होते, म्हून आम्ही त्याइले वर धाडलं."

साहेबांनी गिधाडाकडे पाहिलं. वाकून त्याच्या पंखाला काठीनं स्पर्श केला. उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता, पण नरम झाला नव्हता.

"विष कोणी टाकलं?"

खोदणाऱ्यांची फावडी थांबली. गावाला वाटलं, आता रेवताबाई काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. ती काही बोलायच्या आत यादोराव खड्ड्यातून वर चढला. अंगाला माती, हाताला पळसाची पानं.

"मी टाकलं, साहेब. माहा बैल होता."

"साहेब," रेवताबाई म्हणाली, "याइचं नाव लिहाचं असन तं लिहा. पन त्याच कागदावर हेही लिहा का खड्डा याइनंच खोदला. अन् वाघीण वीस पावलावर असतानी कुऱ्हाड खाले ठेवली."

कॉलेजातले सहा जण जीपपाशी उभे राहून ऐकत होते. साहेबांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"एवढ्यानं होणार नाही," ते म्हणाले. "कोल्हे उकरतील. अजून दोन हात खोल घ्या, आणि वर दगड रचा." मग ड्रायव्हरकडे वळून, "जीपमधली पहार आण."

राज्याला पुरून, वर दगड रचून सगळे परतले तेव्हा दिवस मावळत होता. कावळे आणि गिधाडही त्याच खड्ड्यात गेले. हातपाय राखेनं घासून, तलावावर आंघोळी करून माणसं घरी गेली. कॅम्पावर सखाबाईनं एकटीनं स्वयंपाक उरकला होता: नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, गोपीचंदनं दुपारीच आणून दिलेले मासे. साहेब जमिनीवर बसून जेवले. परवान्याची गोष्ट कोणी काढली नाही. रेवताबाईनंही नाही. तिच्या मनात धाकधूक होती, पण त्याहून मोठं काहीतरी होतं, जे तिला नाव देता येत नव्हतं. आज गावातली बेचाळीस माणसं तिच्या एका शब्दावर वाघिणीसमोर उभी राहिली होती, आणि एकही पळाला नव्हता.

सकाळी पाहुणे अंगणात येऊन उभे राहिले आणि बंडी शोधू लागले. बंडी होती, बैल नव्हते. कोश्या आणि मोत्या पहाटेच यादोरावच्या बांधीत गेले होते.

"पायी जावं लागन," रेवताबाईनं सांगितलं. तिनं माफी मागितली नाही.

सुखराम पुढे आणि पाहुणे मागे, असे ते निघाले. वाघ दिसला नाही. पण बंडीच्या चाकांच्या खडखडाटात जे कधी कळलं नसतं ते त्या दिवशी कळलं: अस्वलानं ओरबाडलेला मोह, रानकुत्र्यांच्या टोळीचा माग, आणि पाण्याकाठच्या ओल्या मातीत वाघिणीचा पंजा, त्याच्या आत पिल्लाचा. एक प्राध्यापक त्या ठशाशी गुडघे टेकून बसला आणि लवकर उठला नाही. परतताना ते यादोरावच्या बांधीवरून आले. बंडीवर धानाचे भारे माणसाच्या दुप्पट उंच रचलेले, जुवाखाली कोश्या-मोत्या, आणि मागून भाऱ्यांना हात लावत सुलोचनाबाई. साहेब शेताच्या कडेला धुऱ्यावर थांबले.

"हे कॅम्पाचे बैल ना?" त्यांनी विचारलं.

"काल होते," रेवताबाई म्हणाली.

परवाना जानेवारीत आला, आणि एका वर्षाचा नाही, पाच वर्षांचा आला. भय्याजींनी तो पारावर दोनदा वाचून दाखवला. यादोरावला भंडाऱ्याला बोलावणं आलं. जबाब झाला, कडक ताकीद मिळाली, आणि तो परत आला तो सरळ कॅम्पावर. कोश्या त्याच्या सर्ज्याबरोबर चांगला जुळला होता. मोत्याला तो परत घेऊन आला होता. वसरीसमोर त्यानं मोत्याची वेसण रेवताबाईच्या हातात दिली. "ढोर गेलं तं मले सांगाचं," तो म्हणाला. "गावात कोणाचंही जाओ. दवा टाकाच्या आधी माणूस माह्याकडे आला पायजे. मी घेऊन येतो तुमच्याकडे." आणि त्यानं तसं केलंही. पुढच्या तीन वर्षांत पाच ढोरं वाघांनी नेली. प्रत्येक वेळी यादोराव त्या माणसाला घेऊन कॅम्पावर आला, आणि प्रत्येक वेळी कॅम्पानं भरून दिलं. विष पुन्हा कोणी आणलं नाही. बैलांची दुसरी जोडी घ्यायची ऐपत आली, तरी पाहुण्यांची बंडी पुन्हा जुंपली गेली नाही. लोक आता पायी चालायलाच बेलझरीला येत होते.

पंच्याऐंशी साली भंडाऱ्याला जिल्ह्याचा एक कार्यक्रम झाला. मोठा हॉल, मंचावर खुर्च्या, हारतुरे. रानाशेजारी राहून रान राखणाऱ्या गावांचा सत्कार होता आणि बेलझरीचं नाव पहिलं होतं. रेवताबाईला मंचावर बसवलं. गावातले जुने हाकेवाले एका ट्रकमधून आले होते. ते हॉलमध्ये मागे भिंतीशी उभे होते, कारण खुर्च्यांवर बसायला त्यांना संकोच वाटत होता.

भय्याजींनी भाषण लिहून दिलं होतं आणि तिनं ते आठ दिवस पाठ केलं होतं. माईकसमोर उभी राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. मंचावरचे साहेब जरा पुढे वाकले.

"माहं नाव रेवता गोपीचंद," ती म्हणाली. "मी बेलझरीची. आमच्या रानात वाघिणीनं अवंदा पुन्हा पिल्लं घातले, तीन. पह्यले दोन आता मोठे झाले, अन् दोनी जिते आहेत. वाघिणीच्या भरवश्यावर आमच्या चाळीस घरी चूल पेटते, अन् आमच्या भरवश्यावर वाघीण राहते. हे मी एकटीनं नाही केलं. ज्याइनं केलं ते मांगं उभे आहेत."

सगळ्या माना मागे वळल्या. भिंतीशी उभ्या माणसांना कळेना, हात जोडायचे की खाली बघायचं. आधी सुखरामनं पाठ सरळ केली. मग यादोराव त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि मग एकेक करून सगळे ताठ झाले, छाती पुढे काढून, जसे ते कुठल्याच साहेबाच्या फोटोत कधी उभे राहिले नव्हते. टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. रेवताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि खुर्चीवर न बसता ती आपल्या माणसांकडे पाहत तशीच उभी राहिली.